डीकमिट केलं आणि कमिटच बदललं!

प्रश्न: मी परभणीत घरून काम करते. कंपनीचा कोड अजून सबव्हर्जनमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) आहे, मी गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीला ते जोडणारं गिट-एसव्हीएन हे अवजार वापरते. ऑथर्स फाइल (कुठलं लॉगिन कुणाचं याची यादी) दिली तरी क्लोन, म्हणजे सगळा इतिहास गिटमध्ये उतरवणं, ‘ऑथर नॉट डिफाइन्ड’ म्हणून सारखा बंद पडायचा. कसाबसा पुरा केला, तर डीकमिटनंतर, म्हणजे माझी कमिटं (बदलांच्या नोंदी) सबव्हर्जनला पाठवल्यावर, माझी शाखा (माझ्या कमिटांची वेगळी मालिका) घेतलेल्या सहकाऱ्याकडे तेच बदल दोनदा दिसायला लागले. चुकतंय कुठं?

उत्तर: ताई, चूक तुमची कमी, अवजाराची जास्त. लातूरला मी पहिला क्लोन लावला तेव्हा हीच गत. एक नाव लिहावं, चालू करावं, पंधरा मिनिटांनी दुसऱ्यावर अडावं; नोकरी सोडून गेलेल्यांची हजेरीच जणू. हे अवजार एका वेळी एकच राहिलेलं नाव सांगतं. म्हणून यादी आपणच आधी काढायची: ‘एसव्हीएन लॉग’ला ‘क्वाएट’ हा पर्याय जोडा, लॉगिनं वेगळी करा, दुबार नावं उडवा. नाव नसलेल्या नोंदींसाठी ‘नो ऑथर’ कंसासकट लिहा. त्या कंसापायी माझी एक रात्र गेली. मधेच अडलं किंवा लाइट गेली तर पुन्हा क्लोन नको. त्याच फोल्डरात ‘गिट एसव्हीएन फेच’ द्या, राहिलं तिथून पुढे चालतं.

आता दुसरं दुखणं. सबव्हर्जन 1.0 आलं 2004 मध्ये, गिट 2005 मध्ये. वय जवळपास एक, स्वभाव निराळे. सबव्हर्जन तलाठ्याच्या फेरफार वहीसारखं: वही एक, नोंदीला ओळीनं क्रमांक. गिटचा हॅश (कमिटची ओळखखूण) मात्र कमिटच्या मजकुरावरूनच निघतो. डीकमिट केलं की तुमचं कमिट वहीत चढतं, आणि मिळालेला क्रमांक ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ या ओळीत तुमच्याच कमिटच्या संदेशाखाली लिहिला जातो. संदेश बदलला, हॅश बदलला. सहकाऱ्याकडे जुनं कमिट, तुमच्याकडे नवं. गिटच्या लेखी ती दोन वेगळी कमिटं.

तेव्हा डीकमिटआधी शाखा कुणाला देऊ नका, द्यायचीच तर पॅच (फक्त बदलांची फाइल) द्या. सर्व्हरवरचं आणायला ‘गिट एसव्हीएन रिबेस’ (आपली कमिटं सर्व्हरवरच्या नव्या नोंदींच्या पुढं लावणं); मर्ज (दोन शाखा एकत्र जोडणं) टाळा, सबव्हर्जनला सरळ रेघच कळते.

हे सगळं डीकमिट करण्याआधीच अवजारानं विचारायला काय हरकत होती? मी चार ओळींची स्क्रिप्ट केलीय. आधी डीकमिटचा ड्राय-रन (काही न पाठवता काय जाईल तेवढं) दाखवते, मग मराठीत विचारते, ‘यातलं काही कुणाला दिलंय का?’ ‘हो’ लिहिलं की पुढं जातच नाही.