इंजेक्शन झटक्यांचे, तपासणी हृदयाची?

प्रश्न : आमच्या सात महिन्यांच्या नातीला वेस्ट सिंड्रोमसाठी (तान्ह्या बाळांमधील झटक्यांचा आजार) एसीटीएच या संप्रेरकाची (हार्मोन) इंजेक्शने सुरू आहेत. डॉक्टरांनी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) कशासाठी सांगितला असावा?

उत्तर : हृदयाच्या ठोक्यांवर मेंदूचेही नियंत्रण असल्याने झटक्याच्या वेळी त्यांची लय बदलू शकते, एको मात्र मुख्यतः औषधामुळे सांगितला असावा. एसीटीएचमुळे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अधिक कॉर्टिसॉल (शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड) तयार करतात, त्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठून रक्तदाब चढतो आणि काही बाळांच्या हृदयाचा स्नायू जाड होतो, जो औषध थांबल्यावर बहुधा पूर्ववत होतो. रक्तदाब बाळ शांत असतानाच मोजून घ्यावा. रडताना आलेला आकडा फसवा असतो. इंजेक्शने स्वतःहून एकदम बंद करू नयेत, कारण शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल-यंत्रणा तोवर मंदावलेली असू शकते.