मागच्या चाकांचे अलाइनमेंट: पद्मिनी आणि बीटल

प्रश्न : माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागची बाजू बसल्यामुळे पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) नव्याने कमान देऊन घेतली. तेव्हापासून सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावे लागते आणि मागून येणाऱ्या मित्राला गाडी तिरकी जाताना दिसते. अलाइनमेंटच्या कागदावर मागच्या डाव्या चाकाचा टो (वरून पाहता चाकाचा रोख; अधिक म्हणजे आत, उणे म्हणजे बाहेर) उणे ०.३० अंश, तर उजव्याचा अधिक ०.३० अंश आला. मेकॅनिक म्हणतो, “मागे सेटिंगच नसते.” मग दोष काढायचा कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे अर्धे खरे आहे. पद्मिनीला मागे अखंड अ‍ॅक्सल असून तो दोन पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे टो किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बदलण्यासाठी फिरवावा असा एकही स्क्रू तिथे नाही. मात्र अ‍ॅक्सल गाडीच्या मध्यरेषेशी काटकोनात बसलेला असणे हेच या गाडीचे मागचे सेटिंग आहे आणि ते बिघडू शकते.

आपल्या कागदावरील आकड्यांची बेरीज शून्य होते, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना समांतर असून दोघांचाही रोख डावीकडे आहे. अ‍ॅक्सलची नळी वाकली असती, तर आकडे बहुधा असे समसमान आले नसते. नळी तापवून सरळ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नये. अ‍ॅक्सलचे डावे टोक मागे सरकले आहे, किंवा उजवे पुढे, एवढाच याचा अर्थ. दोन चाकांमधले अंतर सुमारे १२०० मिलिमीटर धरले, तर ०.३० अंशासाठी केवळ ६ मिलिमीटरचा फरक पुरतो. पाटे उतरवून पुन्हा चढवताना एवढी चूक सहज होते.

कोणताही नट सोडण्यापूर्वी मोजमाप करावे. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरांत योग्य हवा भरून, जॅकवर न चढवता स्वतःच्या वजनावर उभी करावी. प्रत्येक बाजूला पाट्याच्या पुढच्या डोळ्यातील (टोकाच्या गोल वळशातील) बोल्टच्या मध्यापासून आणि अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि दोन्ही बाजूंची अंतरे ताडून पाहावीत. केवळ पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर (या गाडीत ते २३४० मिलिमीटर असते) मोजून निष्कर्ष काढू नये, कारण पुढच्या चाकाला धरणारा आर्म सरकलेला असला तरी तेथे फरक दिसतो आणि दोष विनाकारण मागच्या अ‍ॅक्सलवर येतो.

डावीकडचे अंतर जास्त भरले, तर त्या बाजूचा सेंटर बोल्ट पाहावा. पाट्यांची चळत एकत्र धरणाऱ्या या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील भोकात नेमके बसले पाहिजे. अ‍ॅक्सलची जागा तेच ठरवते, यू-बोल्टचे काम केवळ दाबून धरण्याचे आहे. डोके भोकाच्या काठावर चढलेले असताना यू-बोल्ट आवळले, तर वरून सारे घट्ट वाटते, पण अ‍ॅक्सल सरकलेलाच राहतो. बैठकीवर पुढे-मागे घासल्याची चकचकीत खूण दिसली, तर बोल्ट तुटला आहे असे समजून तो बदलावा. जुना वेल्ड करून वापरू नये. दोन्ही अंतरे सारखी भरली, तर पुढच्या डोळ्यांचे बुश (आतली रबरी नळी) आणि पाटा जिथे बॉडीला जोडला जातो ती जागा पाहावी. कोकणात किंवा मुंबईत वर्षे काढलेल्या गाडीचा पत्रा तिथे गंजलेला असणे नवलाचे नाही.

पुन्हा जोडताना यू-बोल्टचे नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच पक्के करावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. काहीशे किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट या सगळ्यानंतर करावे. आधी केल्यास स्टिअरिंग मध्यावर येईल, पण गाडी खेकड्यासारखीच चालत राहील.

प्रश्न : १९६५ च्या फोक्सवॅगन बीटललाही हेच लागू होते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. आपल्या बीटलचे दोन्ही मागचे अ‍ॅक्सल गिअरबॉक्सपाशी स्वतंत्रपणे वर-खाली झुलतात आणि टो बदलण्याची सोय कारखान्यानेच ठेवलेली आहे. स्प्रिंग प्लेटला (मागच्या चाकाला धरणाऱ्या पोलादी पट्टीला) जिथे अ‍ॅक्सल जोडला जातो, तिथली भोके लांबट आहेत. बोल्ट सैल करून अ‍ॅक्सलचे टोक पुढे ढकलले की टो-इन वाढतो, मागे घेतले की कमी होतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी प्लेट आणि अ‍ॅक्सल यांवर छिन्नीने एकच आडवी खूण करून ठेवावी. कॅम्बर मात्र गाडीच्या उंचीवर अवलंबून असतो आणि ती टॉर्शन बारच्या (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) दात्यांवर ठरते. बारच्या आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असल्याने एक टोक एका दिशेने आणि दुसरे उलट दिशेने एकेक दाता फिरवल्यास प्लेटच्या कोनात अंशाहूनही कमी, सुमारे ५० मिनिटांचा (एक अंश म्हणजे ६० मिनिटे), बदल साधता येतो. हे काम घरी करू नये, कारण ताणलेली प्लेट आधारावरून निसटली तर हात वाचत नाही.