शंभर नावांची वही

प्रश्न : ताई, मी तासगावची. वय 34, बी. ए. झाले आहे. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि हंगामात मी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. आयुर्विमा एजंट व्हायचं म्हणून परीक्षा दिली. पहिल्यांदा 15 मार्क पडले, दुसऱ्यांदा 17. आता कंपनीचे साहेब म्हणतात, "तिसऱ्यांदा अभ्यास करत बसू नका, आमचा मुलगा येईल, कॉम्प्युटरवरची बटणं तोच दाबेल. तुम्ही फक्त ओळखीच्या शंभर माणसांची नावं वहीत लिहून आणा." शिवाय कोड, म्हणजे एजंट म्हणून कंपनीत नोंद झाल्याचा नंबर, निघण्याआधी स्वतःच्या नावावर वर्षाला 25,000 हप्त्याची एक पॉलिसी घ्यावी लागेल, असंही ते सांगतात. परीक्षा खरंच एवढी अवघड असते का? की माझंच डोकं चालत नाही?

उत्तर : तुमचं डोकं उत्तम चालतं. एका मार्कानं हुकलेल्या माणसानं असं काही मनात आणू नये. परीक्षा 50 प्रश्नांची, एका तासाची, आणि पास व्हायला 35 टक्के म्हणजे 18 मार्क लागतात. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते आणि शिक्षणाची अट दहावी पास एवढीच आहे.

मग बी. ए. झालेली बाई का अडते? माझ्या सांगलीतल्या विश्रामबागेच्या घरी रविवारी चार-पाच मुली या परीक्षेच्या तयारीला येतात. त्यांचं पाहून सांगते, अडचण पुस्तकातल्या मराठीची आहे. 'विमायोग्य हितसंबंध', 'परम सद्भाव', 'अभिहस्तांकन' असे शब्द एकदम समोर आले की चांगली शिकलेली बाईही बिचकते. नियमाप्रमाणे 25 तासांचं प्रशिक्षण मिळायला हवं. तुम्हाला किती तास मिळालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेकींना दोन दुपारी मिळतात, आणि त्यातली एक दुपार योजनांची जाहिरात ऐकण्यात जाते.

शब्द पाठ करू नका, घरात आणून बसवा. विमायोग्य हितसंबंध म्हणजे काय? तुम्ही नवऱ्याचा विमा काढू शकता, शेजारणीच्या नवऱ्याचा नाही, कारण त्याच्या जाण्यानं तुमचं आर्थिक नुकसान होत नाही. पण बेदाण्याच्या ज्या व्यापाऱ्यानं एखाद्याला दोन लाख उसने दिलेत, तो त्या माणसाचा विमा दोन लाखांपुरता काढू शकतो. आयुर्विम्यात हा संबंध पॉलिसी घेतेवेळी असावा लागतो, आणि प्रश्न नेमका इथेच फिरवून विचारतात. वारसदाराचं नाव लावणं म्हणजे नामनिर्देशन, ते विमा कायद्याचं कलम 39. पॉलिसीचे हक्क बँकेकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे सोपवणं म्हणजे अभिहस्तांकन, ते कलम 38. एवढा फरक डोक्यात बसला की दोन मार्क कुठे जात नाहीत. हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस महिन्याच्या हप्त्याला 15, तिमाही, सहामाही आणि वार्षिकला 30. हेही हमखास विचारतात.

गणिताला घाबरू नका. एक माणूस वर्षाला 3,00,000 मिळवतो आणि त्यातले 60,000 स्वतःवर खर्च करतो. म्हणजे घराला येतात 2,40,000. तो गेल्यावर 8 टक्के व्याजानं तेवढंच उत्पन्न यावं म्हणून किती रक्कम ठेवावी लागेल? 30,00,000. यालाच पुस्तकात मानवी जीवन मूल्य म्हणतात. स्वतःच्या घराचे आकडे घालून एकदा करून बघा. आणि प्रश्न वाचताना 'चुकीचे विधान कोणते' यातल्या 'चुकीचे'वर बोट ठेवूनच वाचा. माझ्याकडच्या मुलींचे तीन-चार मार्क दर वेळी तिथेच सांडतात. तुम्हाला तर एकच हवा आहे.

आता साहेबांच्या मुलाबद्दल. नको. कुठल्याही परिस्थितीत नको. ती तोतयेगिरी आहे, आणि सापडलात तर नाव तुमचं जाणार, त्या मुलाचं नाही. पण पकडलं जाण्याची भीती हे माझं मोठं कारण नाही. कारण काय ते सांगते.

2016 साली मी चाळिशीत एजंट झाले. बटणं मीच दाबली होती, पण समजून दाबली नव्हती. पास झाले, कोड आला, आणि साहेबांनी माझ्याकडूनही अशीच वही भरून घेतली. त्या वहीतलं सहावं नाव पलूसच्या माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याचं. त्यांच्या ओसरीवर बसून फॉर्म भरताना 'मधुमेह आहे का' हा रकाना आला. दाजी सरळपणे म्हणाले, गोळी चालू आहे. साहेब म्हणाले, "शुगरचं लिहू नका, मेडिकल लागेल, केस अडकेल." पेन माझ्या हातात होतं. मी 'नाही' लिहिलं. 2018 मध्ये दाजी गेले. पॉलिसीला तीन वर्षं झाली नव्हती, त्यामुळे चौकशी लागली, दवाखान्याचे जुने कागद निघाले आणि क्लेम नामंजूर झाला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. बहिणीच्या पदरात दोन शाळकरी मुली. बहिणीनं मला एका शब्दानं विचारलं नाही, पण त्यानंतर दिवाळीला तिच्याकडे जाताना माझे पाय जड व्हायचे, आजही होतात. साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते.

'परम सद्भाव' म्हणजे विमा घेणाऱ्यानं महत्त्वाची प्रत्येक गोष्ट खरी सांगायची. परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न असतो. विमा कायद्याचं कलम 45 सांगतं, पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कंपनी खोट्या माहितीवर बोट ठेवू शकते, त्यानंतर नाही. ही दोन वाक्यं मला त्या ओसरीवर उमगलेली असती, तर साहेबांपुढे मी पेन खाली ठेवलं असतं. मेडिकल झालं असतं, हप्ता थोडा वाढला असता, पॉलिसी कदाचित मिळालीही नसती. पण मिळाली असती तर टिकली असती. म्हणून म्हणते, परीक्षा स्वतः द्या. उद्या तुमच्यासमोर कुणीतरी असाच फॉर्म ठेवील, तेव्हा साहेबांचा मुलगा तुमच्या शेजारी नसणार.

कोडसाठी स्वतःची पॉलिसी घ्या, अशी अट नियमांत कुठेही नाही. तुम्हाला विम्याची गरज असेल तर घ्या, कोडच्या मोबदल्यात नको. आणि शंभर नावांची वही मागणाऱ्याला एकच विचारा : "ही नावं संपल्यावर मी काय करायचं?" त्यावर जो तुम्हाला गावात फिरून अनोळखी माणसाची गरज कशी ओळखायची, क्लेमचे कागद कसे भरायचे हे शिकवायला बसेल, त्याच्याकडे काम करा. जो हसून विषय बदलेल, त्याला हवेत ते तुमचे चुलते, मामा आणि शेडवरच्या मैत्रिणी. वर्षभरात ती नावं संपतात, हप्ते थकतात, पॉलिसी लॅप्स होतात, म्हणजे बंद पडतात. साहेबांना पुढची वही मिळते. तुम्हाला मात्र त्याच गल्लीत राहायचं असतं.

तिसऱ्यांदा पास झालात की घाईनं याच कंपनीत शिरू नका. ते प्रमाणपत्र पहिल्या नेमणुकीसाठी बारा महिने चालतं, आणि कुठल्याही विमा कंपनीकडे चालतं. आता पूर्वीसारखं सरकारी लायसन नसतं. नेमणुकीचं पत्र कंपनीच देते. आयुर्विम्याची मात्र एका वेळी एकच कंपनी धरता येते, म्हणून दोन-तीन ठिकाणी जाऊन बोला. माझ्या रविवारच्या वर्गाला यायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. तासगावहून एस.टी.नं सकाळी येऊन दुपारी परत जाता येईल. फी नाही.

प्रश्न : मिरजेत राहतो, बी. कॉम. आहे. 'मॅनेजर पाहिजे, पगार 18,000' अशी जाहिरात बघून गेलो. तिथं सांगितलं, आधी एजंटची परीक्षा द्या, मग तुमच्याखाली तीन माणसं आणा, त्यांनी प्रत्येकी पॉलिसी घेतली आणि पुढं तीन-तीन माणसं आणली की पगार सुरू. नोकरी धरू का?

उत्तर : ही नोकरीच नाही, धरायची काय! नोकरीत नेमणुकीच्या पत्रावर पगार लिहिलेला असतो आणि तो पहिल्या महिन्यापासून मिळतो. एजंटला कमिशन मिळतं, पगार नाही. त्यातही काही वाईट नाही, पण तसं तोंडावर सांगावं. आणि माणसाखाली माणूस अशी साखळी लावून विमा विकायला 2015 च्या दुरुस्तीपासून विमा कायद्यातच मनाई आहे. त्यांनी 'नोंदणी' किंवा 'किट' म्हणून काही रक्कम घेतली असेल तर पावती मागा. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या असतील तर उद्याच वडिलांना सोबत नेऊन परत आणा. विमाच करायचा असेल तर वरचं उत्तर वाचा. ते तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : ताई, आष्ट्याहून लिहिते. मुलगी दहावी पास आहे, लग्न होऊन इथेच गावात असते. तिला एलआयसीची विमा सखी व्हायचं आहे. महिन्याला 7,000 नक्की मिळतात ना? माझा मुलगा आधीपासून एलआयसीचाच एजंट आहे, तो सगळं बघून देईल.

उत्तर : डिसेंबर 2024 मध्ये ही योजना सुरू झाली. 18 ते 70 वयाच्या दहावी पास महिलांसाठी आहे. पहिल्या वर्षी महिन्याला 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000. पण 'नक्की' नाही. वर्षाला 24 पॉलिसी, म्हणजे महिन्याला दोन, कराव्या लागतात. दुसऱ्या वर्षीचे पैसे पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी 65 टक्के चालू राहिल्या तरच मिळतात. ही अट मला मनापासून आवडते. हप्ता न झेपणाऱ्याच्या गळ्यात पॉलिसी मारली तर ती मारणाऱ्यालाच जड जाते.

तुमच्या मुलीची अडचण वेगळी आहे. एलआयसीच्या एजंटचे किंवा कर्मचाऱ्याचे जवळचे नातेवाईक या योजनेत बसत नाहीत, आणि त्यात भाऊ-बहीण येतात. तेव्हा विमा सखीचा अर्ज भरू नका, आणि मुलाचं नातं लपवून तर मुळीच भरू नका. साधी एजंट होण्याचा मार्ग तिला मोकळा आहे. परीक्षा तीच, 50 प्रश्नांची. भावाला आजपासून रोज संध्याकाळी अर्धा तास तिला शिकवायला बसवा.