रॉयल्टी भरायची आणि रॉयल्टी यायची

नौपाडा, ठाणे

चि. लेखिकाबाई,

परवा रात्री तुझा मेसेज आला, ‘काका, ऑडिओ कंपनीच्या करारात रॉयल्टी नाही, मानधन लिहिलंय. एकच ना?’ फोनवर ‘नाही’ एवढंच सांगून मोकळा झालो असतो, पण तू सहीच्या घाईत दिसलीस. म्हणून हे लांबण.

मी एकांकिका लिहायचो हे तुला ठाऊक आहे. पोटासाठी मात्र तुर्भ्याला एका खडी क्रशरवर हिशेब लिहायचो. रॉयल्टी हा शब्द मी नाटकवाल्यांकडून नाही, डंपरच्या ड्रायव्हरांकडून शिकलो. ‘रॉयल्टी आहे का?’ म्हणजे पावती आहे का. ‘रॉयल्टी फाड’, ‘रॉयल्टी संपली’, ‘बिनरॉयल्टीची गाडी’. त्यांच्या लेखी पैसा आणि कागद एकच. सरकारी शब्द स्वामित्वधन. तो तहसीलच्या पत्रात असायचा. क्रशरवर कुणी उच्चारला असता तर चहावाल्या पोऱ्यानंही वळून पाहिलं असतं.

पण शब्द नेमका आहे. ज्याचं स्वामित्व, त्याचं धन. आपल्याकडे जमिनीच्या पोटातला दगड, मुरूम काही अपवाद सोडले तर सरकारचा. खाणवाला तो फोडतो, विकतो आणि दर ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, मालकाला त्याचा वाटा देतो. इंग्लंडात सोन्याचांदीच्या खाणी राजाच्या मानत, त्यातून हा शब्द खाणीत उतरला आणि पुढे पुस्तकांपर्यंत आला. राजघराण्यालाही तोच शब्द आहे म्हणून गोंधळ होतो. वाशीच्या एका दुकानात तर मी ‘तुमचे रॉयल्टी पॉइंट किती झाले’ असंही ऐकलंय. बिचारी लॉयल्टी!

25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, की खनिजावरची रॉयल्टी हा कर नव्हे. खाणपट्टा घेणाऱ्यानं हक्काच्या मालकाला करारानं द्यायचा तो मोबदला आहे. मी पेपरात वाचलं आणि मला खाणी आठवल्याच नाहीत, तुम्ही लिहिणारी मंडळी आठवलीत. खाणीपुरता दिलेला निकाल, पण तुमच्या रॉयल्टीचं मूळही तेच. फक्त डंपरवाल्याला ती भरायची असते आणि तुला ती यायची असते. इथे मालक तू आहेस.

आता मानधन. कीर्तनकाराला बिदागी, व्याख्यात्याला मानधन, मजुराला मजुरी. मानधनात मान आधी येतो, म्हणून किती आणि कधी हे विचारायची चोरी. ते एकदा पाकिटात येतं आणि विषय संपतो. रॉयल्टी दर वापरामागे येते. अडचण अशी, की नाटकवाले प्रयोगागणिक लेखकाला देतात त्यालाही मानधनच म्हणतात. तेव्हा नुसत्या शब्दाला धरून बसू नकोस, ‘प्रत्येक प्रयोगामागे’, ‘प्रत्येक प्रतीमागे’ असं काही पुढे लिहिलंय का ते बघ. तुझ्या करारात नाही. तिथे ‘एकरकमी, सर्व हक्कांसह, कायमस्वरूपी, जगभर’ आहे.

ही ओळ माझ्या ओळखीची आहे. एका संस्थेनं माझी एकांकिका दीड हजारात अशीच घेतली होती. पुढे विष्णुदास भावे नाट्यगृहात मी स्वतः तिकीट काढून तिचा प्रयोग पाहिला. दिवसभर एकही गाडी पावतीशिवाय गेटबाहेर सोडायचो नाही मी, आणि स्वतःचा माल असा सोडून दिला होता. प्रयोग चांगला झाला, हेही सांगायला हवं.

कायदा तुझ्या बाजूला आहे, पण कागद वाचलास तर. कॉपीराइट कायदा 1957 चा. हक्क द्यायचा तर तो लेखी, आणि त्यात कोणता हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात हे सगळं असावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरता. म्हणजे ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेत. ते खोड. पुस्तक वेगळं, प्रयोग वेगळा, ऑडिओ वेगळा, वेब मालिका वेगळी. ऑडिओवाल्यांना ऑडिओच दे. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात घेतलेल्या साहित्याच्या आणि संगीताच्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे लेखकांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच, देता येतो, बाकी कुणाला विकताच येत नाही. तसं कुणी लिहून घेतलं तरी ते रद्द. जावेद अख्तरांनी राज्यसभेत ही बाजू लावून धरली होती. कंपनीचा माणूस हे सांगणार नाही, तूच विचार.

मग टक्का. सगळे तिथेच अडकतात, आणि दहा टक्के कशाचे हे विचारायचं राहून जातं. पुस्तक अडीचशेचं, छापील किमतीवर दहा टक्के, तर प्रतीमागे पंचवीस. प्रकाशकानं दुकानदाराला चाळीस टक्के सूट दिली आणि हाती आलेल्या रकमेवर तुझे दहा टक्के काढले, तर पंधरा. पाचशे प्रतींवर 12,500 आणि 7,500 एवढा फरक, आणि करारात फरक दोन शब्दांचा. ऑडिओत तर छापील किंमतच नाही, ‘निव्वळ उत्पन्न’ असतं. त्यातून काय काय वजा करणार, याची यादी माग.

आणि मोजतो कोण? खाणीवर दोन ब्रासची पावती आणि गाडीत तीन ब्रास, हा रोजचा खेळ. निदान तिथे गाडी अडवून माप घेता येतं. तुझी गोष्ट किती जणांनी ऐकली हे फक्त त्यांच्या कॉम्प्युटरला ठाऊक. दर सहा महिन्यांनी हिशेबपत्रक आणि हिशेब तपासायचा अधिकार, ही दोन कलमं नसतील तर टक्का पंधरा असो की पन्नास, मला कौतुक नाही. (दहा टक्के टीडीएस कापला तर भांडू नकोस, तो तुझ्याच पॅनवर जमा होतो.)

हो, तुझ्या नमुना भागात मागे वाजणारं संगीत ‘रॉयल्टी-फ्री’ आहे म्हणालीस. म्हणजे फुकट नव्हे. एकदा परवाना घेतला की पुन्हा पुन्हा द्यावं लागत नाही, एवढंच. तो परवाना कुणाच्या नावावर आहे ते शोधून ठेव.

शनिवारी ऐरोलीहून येशील तेव्हा पाचला गडकरी रंगायतनच्या दारात भेटू. कराराची छापील प्रत आण, मोबाइलवरचं मला वाचवत नाही. आणि तोवर कंपनीच्या त्या पोराला ‘काका बघतायत’ एवढंच कळव.

तुझा,
काका