शनिवारच्या गाण्याबद्दल, तुला

अगं, मेसेज वाचला! गावातल्या जुन्या थेटरात पाऊण तास तुझा एकटीचा, आणि मागे फिडल, पेडल स्टील (ती आडवी ठेवून वाजवायची गिटार), बेस, ड्रम्स सगळं. फार फार बरं वाटलं. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण गप्पाच मारत बसतो आणि कामाचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी तुझा मोठा प्रश्न. टेनेसीतल्या छोट्या गावात, जिथे समोर बसलेले निम्मे लोक हँक विल्यम्ससारखे जुने कंट्री गायक ऐकत मोठे झालेत, तिथे आपल्याकडच्या मुलीने जुनं कंट्री, म्हणजे इथल्या खेड्यापाड्यांतलं संगीत, गायलं तर कसं दिसेल, आणि उच्चार त्यांच्यासारखे करायचे का? अजिबात करू नकोस. उसना हेल त्या लोकांना दुसऱ्या ओळीला कळतो आणि मग ते गाणं ऐकायचं सोडून तुझा उच्चारच ऐकत बसतात. तू जशी बोलतेस तशीच गा, फक्त शब्द स्वच्छ टाक. आणि हे संगीत कुणा एकाचं कधीच नव्हतं गं, बँजोचं मूळ आफ्रिकेत, स्टील गिटार हवाईतून आलेली, फिडलच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडच्या. ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा कार्यक्रम 1925 साली सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या स्टार लोकांमध्ये डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावाला होता. पुढे चार्ली प्राइड हा काळा गायक, मिसिसिपीतल्या स्लेज गावचा, बाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणारा. त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स कंपनीने रेडिओवाल्यांना त्याचा फोटो न देताच पाठवल्या होत्या, इतकी भीती होती. लोकांनी आवाज ऐकला आणि त्याला आपलं म्हटलं, 1971 साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम कलाकार तोच होता. त्याचं गाणं ऐक, एकेक शब्द कसा पोचतो बघ.

शब्द पोचणं, मला तुला एवढंच सांगायचंय खरं तर, बाकी सगळं त्याच्याच मागून येतं. तू लहानपणापासून पेटीवर बसून शिकलीस, गळा फिरतो, त्यामुळे ओळ संपली की हरकत घ्यावीशी वाटते, मी ऐकलंय तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये. सुंदर असते, पण इथे ती जागा तुझी नाही, स्टीलवाल्याची आहे. गायकाने ओळ टाकायची, थांबायचं, आणि मग स्टील किंवा फिडल त्या ओळीला उत्तर देतं, हीच तर जुन्या कंट्रीची मजा. तू ती जागा भरलीस तर तो बिचारा दहा तारा, पायाखालची पेडल्स, गुडघ्याचे लिव्हर घेऊन नुसता बसून राहील. गळा फिरवायचाच असेल तर जुना कंट्री गायक लेफ्टी फ्रिझेलसारखा फिरव, तो शब्दाच्या आतला स्वर ताणायचा, वाकवायचा, पण शब्द मोडायचा नाही. पुढचा मोठा गायक मर्ल हॅगार्ड त्याचं ऐकूनच शिकला.

आता बँडचं. ते लोक तुला दुपारी साउंडचेकला पहिल्यांदा भेटणार, तालीम म्हणजे प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट, तेवढाच वेळ मिळतो. म्हणून प्रत्येक गाण्याचा नंबर चार्ट, म्हणजे कॉर्डच्या नावांऐवजी आकडे लिहिलेला कागद, करून आधीच पाठव. नॅशव्हिलमध्ये सगळे हेच वापरतात, जॉर्डनेअर्स या गाणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या नील मॅथ्यूजने 1950 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली. तुला तर पाच मिनिटांत जमेल, आपला सा कुठेही धरला तरी म आणि प आपापल्या जागी असतात ना, तसंच 1, 4, 5. एक आकडा म्हणजे एक मात्रागट (बार) तोच कॉर्ड. वर पट्टी लिही, पण पांढरी पाच वगैरे नको, सरळ 'जी' लिही. गाणं शफल (झुलती चारची लय) आहे की वॉल्ट्झ (तीनची लय) तेही लिही, आणि सुरुवात कोण वाजवणार, मधला सोलो फिडलचा अर्धा आणि स्टीलचा अर्धा की एकाचाच, हे ठरवून टाक. स्टेजवर ज्याचा सोलो असेल त्याच्याकडे ओळ संपायच्या आधी मान वळवायची, संपल्यावर नाही.

साउंडचेकच्या आधी बाल्कनीत सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बस आणि फिडलवाल्याला काहीतरी वाजवायला सांग. जुन्या थेटरांत आवाज छान फिरतो, पण ड्रम्स जोरात असले की शब्द चिखलात जातात, त्यामुळे ड्रमरला ब्रश वापरायची विनंती कर, तो ऐकेल. स्वतःचा मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुलाच ऐकवणारा स्पीकर, तोही फार मोठा ठेवू नकोस.

दोन गाण्यांच्या मध्ये थोडं बोल, पण थोडंच. कुणाचं गाणं, कुठून आलं. टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरचं ब्रिस्टल तुमच्याकडून काही लांब नाही, तर कार्टर फॅमिलीतल्या गिटारवाल्या मेबेल कार्टरचं सांग: 1927 च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर तिथे टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत रेकॉर्डिंग करत होता, ही 18 वर्षांची, पोटुशी, खराब रस्त्यांवरून गाडीने डोंगर उतरून आली आणि अंगठ्याने जाड तारांवर चाल, बाकी बोटांनी ताल असं वाजवून गेली, पुढे सगळे गिटारवाले तेच शिकत राहिले. मग तसंच वाजवून दाखव, तुला येतं! लोक खुर्चीत पुढे सरकतील.

शेवटाकडे एक गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिगीत, ठेव, इथे तशी पद्धत आहे आणि लोक वाट बघतात. बळेबळे नको, पण तुझ्या आजीचे अभंग तू ज्या मनाने म्हणतेस त्या मनाने म्हणता येईल असं एखादं निवड.

कार्यक्रम संपला की ग्रीनरूममध्ये बसून राहू नकोस, लॉबीत ये. जुना कंट्री गायक अर्नेस्ट टबने गिटारच्या पाठीवर 'थँक्स' लिहून घेतलं होतं आणि गाणं झालं की गिटार उलटी करून लोकांना दाखवायचा, या गाण्यात लोकांना भेटणं हा कार्यक्रमाचाच भाग असतो. कुणी म्हातारे आजोबा हात धरून स्वतःच्या बायकोचं आवडतं गाणं सांगत बसतील, घाई करू नकोस, पूर्ण ऐक.

तारा गुरुवारीच बदल, शनिवारी सकाळी नको, नव्या तारा उतरत राहतात. आणि चार्ट आज रात्री मला पाठव, बँडला जायच्या आधी मी एकदा बघतो, ते तिसरं गाणं तुला अर्धी पट्टी खाली जास्त शोभेल असं मला वाटतंय.

काका