तेलकट मातीवर आधी पुडी नको

सोलापूर

प्रिय मित्रा,

चिंचोली एमआयडीसीतल्या शेडमागची टनभर तेलकट माती साफ करायला तू जिवाणूंची पुडी मागवतो आहेस. पैसे राखून ठेव. जुन्या डागाच्या मातीत तेल खाणारे जिवाणू बहुधा असतातच; कमी पडते ती हवा, ओल, नत्र आणि स्फुरद. १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझचं तेल अलास्काच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हाही तिथल्या जिवाणूंना खतच घातलं होतं.

मातीत ३ टक्के तेल धरलं तर टनाला ३० किलो, त्यात कार्बन साधारण २५ किलो. कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ या हिशोबाने साडेपाच किलो युरिया आणि साडेतीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागेल. युरिया एकदम टाकलास की घात. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी. युरियाचा अमोनिया होऊन जिवाणूच मरतात. मातीवर वाकलं की डोळे झोंबले, तर समज जास्त झालं. पंधरा दिवसांच्या अंतराने पाच-सहा हप्त्यांत, पाण्यात विरघळवून दे.

खरी डोकेदुखी हवेची. ही माती ओली झाली की खोऱ्याला चिकटते, वाळली की ढेकळं. आत हवा शिरतच नाही. थोडं बारीक केलेलं पाचट मिसळ (कडबा नको, तो जनावरांचा घास). जास्तही नको, पाचट कुजताना नत्र तेच खातं. खाली जाड प्लास्टिक, कडेने बांध, थर फूटभर, आठवड्याला एकदा खालवर. ओल हाताने बघ: मूठ आवळली की गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा, तळहातावर पाणी उतरू नये. मे महिन्यात वर शेडनेट हवंच.

चार घमेली माती तुलनेसाठी खत न घालता बाजूला ठेव. ओल आणि खालवर तशीच. हलकं तेल उन्हाने उडतं आणि श्रेय जिवाणूंना जातं. दर महिन्याला दोन्हीकडचे नमुने, पाच-पाच जागांची माती एकत्र करून, प्रयोगशाळेत दे.

जळकं इंजिन ऑइल असेल तर शिसं, जस्त आधी तपासून घे. धातू जिवाणू संपवत नाहीत. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं, म्हणून पहिलं खोरं मारण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचार. तोवर ढिगावर ताडपत्री टाक, पावसाचं पाणी ओढ्याला जाऊ देऊ नकोस.