तारखा तू टाकल्यास, पाळायच्या मात्र त्यांनी?

'मावशी, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट आहे. मी एक्सेलमध्ये अख्खं टाईमटेबल करून ग्रुपवर टाकलं तरी एकही तारीख पाळली जात नाही. दोघी नुसतं हो हो करतात, आणंदहून अपडाऊन करणारा मुलगा मेसेज वाचून गप्प. मी गरब्याला जात नाही म्हणून कोडिंग नवरात्रात ठेवलं होतं, तेही तसंच पडलंय. रात्री तीनपर्यंत जागून मीच सगळ्यांचं करते. दिवाळीनंतर रिव्ह्यू आहे. यांना वठणीवर कसं आणू? – वैतागलेली, दांडिया बाजार, बडोदा'

अगं, बाकीचं पत्र राहू दे, ते गरब्याचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस ना, मी तिथेच अडकले. बडोद्यातच राहतेस ना तू? नऊ रात्री अख्खं गाव गरब्यात असतं, पोरं मध्यरात्रीनंतर घरी येतात, सकाळी लेक्चरला डोळे उघडत नाहीत, आपल्या मराठी घरांत घट बसलेले, आरत्या, पाहुणे, आणि नेमकं तेव्हा तू चौघांचं सगळ्यात अवघड काम ठेवलंस, का तर तुला वेळ होता. कोणाला विचारलंस? पत्रात कुठेच दिसत नाही. ते टाईमटेबल तुझं आहे गं, बाकी तिघांची त्यात नुसती नावं आहेत. स्वतःच्या तोंडाने दिलेली तारीख चुकली की माणसाला लाज वाटते, दुसऱ्याने टाकलेली चुकली तर काहीच वाटत नाही. तू गरब्याला का जात नाहीस ते मला माहीत नाही, कोणी बोलावत नाही म्हणून असेल तर ते वेगळं लिही, मी वाचीन. पण त्याचा राग टाईमटेबलमधून काढू नकोस.

आणि स्वतः दिलेल्या तारखाही चुकतात हं. रॉजर ब्यूहलर आणि सहकाऱ्यांचा १९९४ चा अभ्यास आहे, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं किती दिवस लागतील, सरासरी उत्तर आलं ३४, लागले ५५ च्या वर. सगळंच बिघडलं तर किती लागतील हेही विचारलं होतं, तर म्हणाले ४९ च्या आसपास. तोसुद्धा अंदाज कमीच पडला! आळसाचा प्रश्नच नाही यात, सगळ्यांचंच असं होतं, तुझंही होणार.

म्हणून उद्याच्या उद्या ती एक्सेल फाईल उडव आणि घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून कॅन्टीनमध्ये ने. चौघं समोरासमोर बसा. आधी प्रत्येकाने आपले अडलेले दिवस खोडायचे, पूजा, लग्न, परीक्षा, जे असेल ते. दिवाळी ते लाभपाचम, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी, हे दिवस तर धरूच नका, तेव्हा इथली बहुतेक दुकानंसुद्धा बंद असतात. रिव्ह्यूच्या आधीचे चार दिवस कोरे सोडा. उरलेल्यात ज्याचं काम त्याने स्वतःच्या हाताने तारीख लिहायची, तू दुसऱ्याची एकही तारीख सुचवायची नाहीस, कितीही जीभ वळवळली तरी. काम मावत नसेल तर प्रोजेक्टमधलं एखादं फीचर काढा आणि गाईडला आत्ताच सांगा. आणि ते रात्री जागून दुसऱ्याचं करणं आजपासून बंद, ज्याचं राहील ते रिव्ह्यूला राहिलेलं दिसू दे, मार्क गेले तर जाऊ देत.

पेन सगळ्यात आधी आणंदवाल्याच्या हातात दे, आणि तो घरी किती वाजता पोचतो ते विचार.